लेकीचा बाप्तिस्मा राहिलाय, वडील अंथरुणाला आहेत. आधी काय करू?

लोकोशेड (धागाकर्ता)

मंडळी, लांबण लागेल, आधीच माफी मागतो.

मी भुसावळचा. वडील रेल्वेत फिटर होते, आम्ही चार भावंडं रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. रविवारची मिस्सा, मे महिन्यात उन्हं उतरल्यावर घरोघरी रोझरी, नाताळात रात्री कॅरल. १९८५ चा जन्म माझा. आम्ही कॅथलिक. बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन (मिस्सात ख्रिस्तशरीर म्हणून मिळणारी भाकर पहिल्यांदा घेणं), दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) सगळं वेळच्या वेळी झालं. मग जळगाव एमआयडीसीत नोकरी लागली आणि जे सुटलं ते सुटलं. कुणाशी भांडण नाही, श्रद्धेबद्दल काही मोठा प्रश्न पडला असंही नाही. निव्वळ आळस. अठरा वर्षं झाली.

२०१४ ला लग्न केलं. बायको नवापूरकडची, अलायन्स मंडळीतली, म्हणजे प्रोटेस्टंट. लग्न तिच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी लावलं, सरकारी नोंद आहे. आमच्या फादरना मी विचारलंसुद्धा नाही. वडील आले, जेवले, आशीर्वाद दिला आणि परतीच्या पॅसेंजरमध्ये भुसावळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या गाडीने प्रवास केलेल्यांना ती शांतता किती लांब होती ते कळेल.

मुलीला डिसेंबरात सात पूर्ण होतील. आजोळच्या मंडळीत तिचं समर्पण झालंय, बाप्तिस्मा नाही. वडिलांच्या किडन्या गेल्या आहेत. बुधवारी आणि शनिवारी जळगावला डायलिसिस असतं. परवा गाडीत बसवताना म्हणाले, "पोरीचं पहिलं कम्युनियन बघायचंय." इतक्या वर्षांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

आता सांगा. बाप्तिस्मा आणि कम्युनियन एका दिवशी होतं का? मला स्वतःला कम्युनियन घेता येईल का? बायकोला कॅथलिक व्हावं लागेल का? आणि आई फादरना घरी बोलवू देत नाही. म्हणते, ते आले की माणूस जातो.

---

वरणबट्टी

भाऊ, मी भुसावळचीच. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गावर सव्वीस वर्षं शिकवलं, आता गुडघ्यांमुळे बंद. कदाचित तुझ्या भावंडांपैकी कुणीतरी माझ्या हातून छडी खाल्ली असेल.

सगळ्यात शेवटचा प्रश्न आधी घे. तुझ्या आईची भीती अख्ख्या खानदेशात आहे. आमच्या शेजारी एक म्हातारी होती, अहिराणी बोलायची. फादर दिसले की दार लावून घ्यायची, म्हणायची, "आते नको, माले आखो जगनं शे." दोष तिचा नाही. पूर्वी तेल लावायला फादर अगदी शेवटच्या घटकेला यायचे, नावच 'शेवटचा विधी' पडलं होतं. व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी हा विधी नव्याने घालून दिला. आता तो आजाऱ्याचा तैलाभ्यंग आहे, मरणाऱ्याचाच नाही. आजारपणामुळे किंवा म्हातारपणामुळे जीव धोक्यात यायला लागला की घ्यायचा. बरं वाटलं, पुन्हा बिघडलं, तर पुन्हा घ्यायचा. मोठ्या ऑपरेशनआधी घेतलेले कितीतरी जण आज बाजारात भाजी घेताना भेटतात मला. आईला याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचून दाखव. आजारी पडलास तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलव, ते तेल लावून प्रार्थना करतील, असंच तिथे आहे. पुढे प्रभू त्याला उठवील असं म्हटलंय, नेईल असं नाही.

तेव्हा पहिलं काम, फादरना फोन. लेकीचं नंतर बघू.

---

गिरणाकाठ

मी हिंदू, चाळीसगावचा. मध्येच विचारतो, राग नको. हे आमच्या सोळा संस्कारांसारखंच काही आहे का? आणि तुमचे किती?

---

अर्धवट_सेमिनारियन

गिरणाकाठ, राग कसला. कॅथलिकांचे सात. बाप्तिस्मा (पुस्तकात स्नानसंस्कार म्हणतात), दृढीकरण, ख्रिस्तशरीर म्हणजे कम्युनियन, प्रायश्चित्त म्हणजे कन्फेशन, आजाऱ्याचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा (फादर होताना मिळते ती) आणि विवाह. आकडा जुनाच, पण प्रोटेस्टंट वादानंतर १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने 'सातच, कमी नाही जास्त नाही' असं पक्कं केलं. सोळा संस्कारांशी नातं इतकंच की दोन्हीकडे जन्म, वाढ, लग्न, आजारपण असे आयुष्याचे टप्पे धरलेले आहेत. फरक असा की आमच्याकडे बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन जन्मात एकदाच होतात, पुसले जात नाहीत. कन्फेशन आणि कम्युनियन कितीही वेळा.

आता लोकोशेड. मी सेमिनरी (फादर होण्याचं शिक्षण) चौथ्या वर्षी सोडली, पुस्तकं सोडली नाहीत, म्हणून थोडं ऐक.

तुझं खरं अडलंय ते लग्नापाशी. कॅथलिक माणसाचं लग्न चर्चच्या दृष्टीने वैध व्हायला फादर किंवा डीकन (फादरच्या खालच्या पायरीचा दीक्षित) आणि दोन साक्षीदारांसमोर संमती द्यावी लागते. बिशपांची सूट घेतली असती तर तिच्या मंडळीतलं लग्नही चाललं असतं. तू ना परवानगी घेतलीस ना सूट. त्यामुळे चर्चच्या हिशोबात तुझं लग्न अजून उभं राहिलेलं नाही, आणि ते उभं राहीपर्यंत तुला कम्युनियन घेता येणार नाही. कन्फेशनला जाशील तर फादर हेच सांगतील.

उपाय सोपा आहे, घाबरू नकोस. फादर आणि दोन साक्षीदारांसमोर तुम्ही दोघांनी पुन्हा संमती द्यायची. मंडप नाही, बँड नाही, पंधरा मिनिटं. कागद मात्र लागतील. तुझा बाप्तिस्म्याचा दाखला नवा काढ.

---

लोकोशेड

दाखला आहे माझ्याकडे. आईने लॅमिनेट करून ठेवलाय.

---

वरणबट्टी

अरे देवा, लॅमिनेशन! घरोघरी हेच. तो फ्रेम करून भिंतीला लाव. तुझं दृढीकरण, तुझं लग्न, हे सगळं बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीपुढे वहीत लिहिलं जातं, जिथे पाणी पडलं त्याच चर्चच्या वहीत. म्हणून लग्नासाठी ताजा उतारा मागतात, साधारण सहा महिन्यांच्या आतला. तुझी वही भुसावळलाच आहे, ऑफिसात जाऊन जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं सांग. जुन्या कागदावर पुणे धर्मप्रांत दिसला तर दचकू नकोस, नाशिक धर्मप्रांत १९८७ ला वेगळा झाला, बिशप थॉमस भालेराव पहिले.

---

नवापूरकर

जय ख्रिस्त. मी वहिनींच्या बाजूचा. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकायची सवय आहे. पण 'लग्न उभं राहिलेलं नाही' हे वाचून वाईट वाटलं. देवासमोर, मंडळीसमोर वचन दिलं. अकरा वर्षं संसार केला. ते काय खोटं होतं?

आणि बाप्तिस्म्याचंही बोलतो. आमच्यात बाळाचं समर्पण करतात. बाप्तिस्मा ज्याला कळतं त्याने स्वतः मागायचा, स्वतः पाण्यात उतरायचं. तान्ह्या लेकराला काय कळतं?

---

अर्धवट_सेमिनारियन

नवापूरकर, तुमचं वाईट वाटणं रास्त आहे, माझा शब्द कोरडा होता. ही अट चर्चने फक्त कॅथलिकांवर घातलीय. वहिनींनी काही चूक केलेली नाही. सरकारी कायद्यात लग्न पक्कं आहे. लेकीच्या औरसपणावर ओरखडा नाही. चूक आमच्या लोकोशेडची, त्याने विचारलं नाही.

शिवाय एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तुमच्याकडचा पाण्यातला बाप्तिस्मा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला, आम्ही खरा मानतो. वहिनींना कुणीही पुन्हा बाप्तिस्मा देणार नाही. आणि दोघंही बाप्तिस्मा झालेले असल्यामुळे त्यांचं लग्न, संमती नव्याने दिली की, नुसतं वैध होणार नाही, ते साक्रामेंत, म्हणजे त्या सातांतला संस्कार, होईल. वहिनी कॅथलिक न होता.

शब्दांबद्दल मात्र आमच्याकडे कडक. काही ठिकाणी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हणायची टूम निघाली होती, तेव्हा २०२० मध्ये रोमने सरळ सांगितलं की तो बाप्तिस्मा झालाच नाही, पुन्हा द्या. 'मी' हवं.

बाळांबद्दल आपला वाद ५०० वर्षं जुना आहे. आम्ही लुदियाच्या आणि तुरुंगाच्या नायकाच्या सगळ्या घराण्याने घेतलेला बाप्तिस्मा दाखवतो, प्रेषितांची कृत्ये सोळावा अध्याय.

---

नवापूरकर

त्या घराण्यात तान्हं लेकरू होतं असं कुठे लिहिलंय?

---

अर्धवट_सेमिनारियन

नव्हतं असंही नाही लिहिलं. 🙂

---

तोरणमाळ_वाट

तुम्ही लोक कागद आणि वाद यांत श्रीमंत आहात. आमच्या पाड्यावर फादर महिन्यातून एकदा येतात, पावसात तेही नाही. उरलेले रविवार आम्ही वाचन करतो, प्रार्थना करतो, गाणी म्हणतो, घरी जातो. मागच्या वर्षी चुलतबहिणीचं बाळ जन्मतःच निळं पडलं. दवाखाना दोन तासांवर. माझ्या आईने ग्लासातलं पाणी घेऊन बाळाच्या डोक्यावर तीनदा ओतलं आणि शब्द म्हटले. शाळा तिसरीपर्यंत. शब्द मात्र बरोबर म्हटले.

बाळ जगलं. फादर आले तेव्हा त्यांनी पुन्हा पाणी ओतलं नाही. म्हणाले, झालाय बाप्तिस्मा, वहीत लिहू. उरलेले विधी केले, तेल लावलं, मेणबत्ती दिली. आईला विचारलं, आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणाली, तुमच्या आधीच्या फादरनी, जीव चालला असेल तर कुणीही देऊ शकतं.

लोकोशेडदादा, तुमचं चर्च रिक्षाच्या अंतरावर आहे. एवढंच म्हणायचंय.

---

लोकोशेड

वाचून गप्प बसलो.

---

गिरणाकाठ

म्हणजे मीसुद्धा देऊ शकतो? अशी वेळ आली तर?

---

अर्धवट_सेमिनारियन

हो. जीव धोक्यात असेल, पाणी आणि शब्द बरोबर असतील, आणि चर्च जे करतं तेच करायचं मनात असेल, तर तुम्ही दिलेलाही खरा. बाकी सहांपैकी एकही मात्र तुम्हाला जमणार नाही.

---

वरणबट्टी

आता लेकीकडे येऊ. इथे मला एक गंमत दिसतेय.

सात वर्षांच्या आत बाप्तिस्मा घेतला तर तो बाळाचा विधी. उत्तरं आईवडील आणि गॉडफादर-गॉडमदर देणार. मग कम्युनियनची तयारी वेगळी, वर्गातल्या पोरांबरोबर, आधी कन्फेशन, मग कधीतरी एप्रिल-मेमध्ये पांढरा फ्रॉक. तुझ्या वडिलांच्या तब्येतीला ते लांब पडेल.

सात पूर्ण झाले की चर्च म्हणतं, हिला आता समजतं. मग तिला मोठ्यांच्या रीतीने घेतात. तिने स्वतः मागायचं, स्वतः उत्तरं द्यायची. आणि मग बाप्तिस्मा, दृढीकरण, पहिलं कम्युनियन तिन्ही एकाच मिस्सामध्ये, आमच्या फादरच्याच हातून. बिशपांची वाट बघायला नको. आधी कन्फेशनही नको, कारण बाप्तिस्म्यात सगळंच धुतलं जातं. एरवी हे ईस्टरच्या आदल्या रात्री करतात, पण आजोबांची अवस्था सांगितलीस तर फादर आणि बिशप आधीची तारीख धरू शकतील.

(सातव्या वर्षीच कम्युनियन देतात हेही जुनं नाही बरं. १९१० मध्ये दहावे पायस पोप होते, त्यांनी वय खाली आणलं. त्याआधी पोरांना दहा-बारा वर्षांची होईपर्यंत ताटकळत ठेवायचे.)

म्हणजे घाई करून आत्ता पाणी ओतण्यापेक्षा डिसेंबर उलटू दे, आजोबांना हवं ते एकाच रविवारी दिसेल. शनिवारी डायलिसिस, रविवारी माणूस त्यातल्या त्यात हलका असतो. माझ्या मिस्टरांचं पाहिलंय.

---

लोकोशेड

नमस्कार. मी यांची बायको लिहितेय, यांच्याच लॉगिनवरून. ते भाकरी जाळताहेत.

दोन दिवस धागा वाचला. अकरा वर्षांनी मला पुन्हा 'हो' म्हणायला सांगताय, हे पहिल्यांदा फार लागलं. मी रडलेसुद्धा. आता सांगते, म्हणेन. सासऱ्यांसाठी म्हणेन. पहिल्या बाळंतपणात, जे राहिलं नाही, तेव्हा ते रोज संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायचे, हातात जपमाळ. माझ्या वडिलांनी ती बघून तोंड वाकडं केलं होतं. सासरे उठले नाहीत.

वरणबट्टीताई, तुम्ही सांगितलेली सात वर्षांची गोष्ट मला पटली. लेकीने स्वतः मागायचं, हेच तर आमचं म्हणणं. मग मी तिला अडवणार नाही. एकच विचारते. तिला पाण्यात बुडवून देतील का? कपाळावर थेंब बघून माझ्या आईला तो बाप्तिस्मा वाटायचाच नाही.

आणि माझ्या भावाला गॉडफादर करता येईल का?

---

अर्धवट_सेमिनारियन

वहिनी, पाण्यात बुडवणं आमच्या कायद्यात आहे, ओतण्याच्या बरोबरीने. आपल्याकडे टाकी नसते म्हणून कुणी करत नाही. फादरना विचारा, सोय झाली तर नाही म्हणायला कारण नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र कोमट पाणी ठेवायला सांगा, पोर पहिल्या साक्रामेंतला शिंकायला नको.

भाऊ गॉडफादर नाही होणार, ती जागा दृढीकरण झालेल्या, सोळा पूर्ण केलेल्या कॅथलिकाचीच. पण एखाद्या कॅथलिक गॉडमदरबरोबर तो साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, वहीत नावही लागतं. वचन फक्त लोकोशेडला द्यावं लागेल की लेकरांना कॅथलिक वाढवण्यासाठी जमेल ते करीन. तुम्हाला ते नुसतं कळवतात, तुमच्याकडून सही घेत नाहीत. १९७० च्या आधी घ्यायचे.

दुखेल अशी एक गोष्ट आत्ताच सांगतो, त्या दिवशी रांगेत कळण्यापेक्षा बरी. लेक, नवरा, सासू-सासरे कम्युनियन घेतील. तुम्हाला देता येणार नाही. हात छातीवर दुमडून गेलात तर आशीर्वाद देतील बरेच फादर.

---

नवापूरकर

आमच्या प्रभुभोजनाला आम्ही कुणालाही बसवतो, फक्त विश्वास विचारतो. तेवढं इथे लिहून ठेवतो, वाद नको.

---

*(प्रशासक: धर्मांतर आणि जातीच्या दाखल्यांवरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.)*

---

लोकोशेड

भाकरी जळल्या, हे खरं आहे.

आता माझा प्रश्न, जो मी पहिल्या पोस्टमध्ये लपवला. कन्फेशन. अठरा वर्षांचं काय काय आठवू? फादर वडिलांना ओळखतात. उद्या घरी चहाला आले तर मी त्यांच्या डोळ्यांत कसा बघू?

---

वरणबट्टी

भुसावळात गोवेकर शेजारणी कन्फेशनला कुमसार म्हणायच्या, आठवतं? माझी एक मैत्रीण चाळीस वर्षांनी गेली होती. यादी लिहून, दोन पानं. फादर म्हणाले, बाई, वाचू नका, बोला. मोठी पापं, आठवतील तेवढी, काय आणि साधारण किती वेळा. आठवलं नाही ते मुद्दाम लपवलेलं नसलं तर तेही माफीत येतं. ती दोन पानं तिने बाहेर येऊन तुळशीच्या कुंडीशेजारी जाळली. हो, कॅथलिक घरात तुळस होती. खानदेशात घरोघरी असते.

डोळ्यांत बघण्याचं म्हणशील, तर ऐकलेलं कुठेही, कुणालाही, कोर्टातसुद्धा फादर सांगू शकत नाहीत. सांगितलं तर स्वतःच बहिष्कृत होतात. तरी लाज वाटत असेल तर नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत जा, रांगाच्या रांगा असतात, कोण कुणाला ओळखतं. पण इतका थांबू नकोस. लग्नाची संमती ज्या दिवशी द्याल, त्याच्या तासभर आधी कन्फेशन कर. मग त्याच मिस्सामध्ये तुला कम्युनियन.

---

तोरणमाळ_वाट

आमच्याकडे फादर आंब्याखाली दगडावर बसतात, आपण बाजूच्या दगडावर. जाळी नाही, पडदा नाही. कोंबड्या फिरत असतात. होतं.

---

लोकोशेड

पाच आठवड्यांनी लिहितोय.

फादर घरी आले. आईने आधी दार अर्धंच उघडलं. फादर बाहेरूनच म्हणाले, "मावशी, मी चहाला आलोय, तेल नंतर." चहा झाला. मग वडिलांच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं. लहानशी डबी, आत कापसाचा बोळा. बिशपांनी ईस्टरच्या आधी नाशिकला आशीर्वाद दिलेलं तेल. वडिलांनी विचारलं, हे ऑलिव्हचं का? फादर म्हणाले, हो, नसेल तर दुसरं कुठलं वनस्पतीचं तेलही चालतं. वडील फिटर माणूस, तेलाची चौकशी केल्याशिवाय राहतील कसे.

कम्युनियन देताना तुकडा अगदी छोटा दिला आणि चमचाभर पाणी, कारण त्यांना पाणी मोजून आहे. मी बाजूला उभा होतो. मला दिलं नाही. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. पॅसेंजरमधलीच शांतता. या वेळी मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात, बाबा."

कागद बिशप हाउसला गेले आहेत. माझा ताजा उतारा निघाला. वहीत माझ्या नावापुढे दृढीकरणाची नोंद आहे, लग्नाचा रकाना कोरा. क्लार्कने बोट ठेवून दाखवला. अकरा वर्षं तो तसाच होता.

लेकीला फादरनी ऑफिसात समोर बसवून विचारलं, बाप्तिस्मा का हवाय? म्हणाली, "आजोबांच्या रांगेत उभं राहायचंय." फादर हसले नाहीत. म्हणाले, ठीक, आणखी दहा रविवार ये, मग पुन्हा विचारीन. साळा वचन देतोय की तिच्या टाकीचं बघतोय, रेल्वेच्या जुन्या स्टोअरमधून मिळतेय का ते.

---

नवापूरकर

टाकी आमच्या मंडळीची घेऊन जा. लोखंडी आहे, टेम्पोत बसते. पाळकसाहेबांना विचारलंय, हो म्हणालेत.

---

वरणबट्टी

रविवारी नऊला वर्ग असतो, मिस्साच्या आधी. पोरीला दोनशेपानी वही दे, एकरेघी. आणि डबा. माझ्याकडे ती असली तर गुडघ्यांचं बघते काहीतरी.